अकरा जणींचं एक खातं

दिघाशीची पुतळाबाई एकदा नाही म्हणाली की नाही. गोदामासाठी जमीन विकली तेव्हा भाऊ सावळारामने हक्कसोडीचा कागद पुढे केला. बहिणीने साडीचोळी घेऊन हिस्सा सोडायचा, ही गावाची रीत. "साडी तूच नेस," म्हणत बाईने कागद परत सरकवला. तिचं बघून आणखी दहा जणींनी सही नाकारली आणि अकराही जणींनी भावांकडून दोन-दोन लाख वसूल केले.

पण घरी पासबुक सापडलं तर नवरे ठेवतील थोडेच! म्हणून सगळे बावीस लाख भिवंडीच्या एका सहकारी बँकेत, पुतळाबाईच्या एकटीच्या नावावर. ती विधवा, तिचं कपाट कोण उचकणार? बाकीच्यांनी घरी सांगितलं, भाऊ अजून टोलवतोय. भावांशी बोलणं तुटलेलंच होतं, मग खरं-खोटं विचारायला जाणार कोण?

आणि मेल्या संचालकांनी बँकच खाल्ली! सरकारने ती मोठ्या बँकेच्या गळ्यात बांधली. टीव्हीवाले ओरडले, ठेवीदार वाचले. वाचले म्हणे! एका नावाला पाच लाख आत्ता, बाकीचे दहा वर्षांत. अकरा नावं असती तर सगळे आत्ताच सुटले असते.

"माझीच अक्कल शेण खायला गेली व्हती," पुतळाबाई म्हणाली. दोन दिवस तिला घास गेला नाही. तिसऱ्या दिवशी उठली आणि थेट मोठ्या बँकेत जाऊन तिथल्या अधिकारी निशा मॅडमसमोर बसली.

मॅडम म्हणाल्या, "प्रत्येकीने शपथपत्र द्या, पैसे माझे म्हणून. मी वर पाठवते. मिळतीलच असं नाही. आणि कुणाची हरकत असेल तर कळावी म्हणून नावं बाहेर फळ्यावर लागतील."

म्हणजे घरोघरी बोभाटा. पुतळाबाईने बायांना सगळं खरं सांगितलं. "जबरदस्ती न्हाय. जिला भ्या वाटतं तिनं घरी ऱ्हावं."

सोमवारी अकराच्या अकरा बँकेत आल्या. पहिलं नाव पुकारलं ते पार्वतीचं, जिचा आवाज शेजारणीनेही कधी ऐकला नव्हता. आणि ठेवीदारांच्या रांगेत नेमका तिचा नवरा काळूराम! पार्वती पांढरीफटक पडली, पण उभी राहिली.

"दोन लाख माझे हायेत."

काळूराम रांग सोडून धावला. "माझ्यापासून लपवलेस?"

"तुमाला सांगितलं असतं तर बँकेच्या आधी तुमीच बुडवले असते."

पार्वतीने शपथपत्रावर सही केली, पूर्ण नावाची.

"सरका आता," ती नवऱ्याला म्हणाली, "मागं बाया खोळंबल्यात."