मनाची डॉक्टर

हे मी आजवर कुणाजवळ बोललो नाही. मीनाला, म्हणजे माझ्या बायकोला, सांगितलं नाही. दादाला नाही. ज्या डॉक्टरांसमोर बसून मी इतकी वर्षं स्वतःबद्दल बोलत आलो, त्यांनाही नाही. त्यांनी एकदा विचारलं होतं, "मनाला काही टोचतंय का?" मी म्हणालो, "तसं विशेष काही नाही." बघा — जिथं माणूस खरं बोलायलाच जातो, तिथंही मी असा.

आता सांगतो. थोडा आडवळणानं येईन, चालवून घ्या. सरळ बोलायची सवय मोडलीय माझी.

मी परभणीत एका कॉलेजात भूगोल शिकवतो. गाव बोरी, जिंतूर तालुक्यातलं. घरात शिकलेला मी एकटाच; माझा मोठा भाऊ — दादा — शेती बघतो आणि चांगली बघतो. आमच्याकडं शिकलेल्या माणसाला एक काम जन्माचं चिकटतं. गावात कुणाचं लेकरू बारावी झालं की आईबाप त्याला घेऊन दारात हजर. "सर, कोणती लाईन धरावी?" लाईन! जसा काही मी स्टेशनमास्तर, आणि कुठली गाडी कुठं जाते ते सगळं मला पाठ. खरं तर बऱ्यापैकी पाठ होतंच. आणि मानसशास्त्राची लाईन तर मला झोपेतून उठवून विचारली असती तरी सांगता आली असती. आमच्या विभागाची खोली आणि मानसशास्त्राची खोली यांच्यात एक भिंत आहे फक्त. त्यांचे प्रवेशाचे फलक लावताना खुर्ची धरून मीच उभा राहायचो. बारावी कोणत्याही शाखेची चालते. बी.ए.ला मानसशास्त्र घ्यायचं, मग एम.ए., आणि पुढं रुग्णांवर उपचार करायचे असतील तर त्याचा वेगळा मान्यता असलेला अभ्यासक्रम असतो. लांबची वाट आहे, पण वाट आहे. हे मला माहीत होतं. तेव्हाही.

आता दुसरी गोष्ट. डॉक्टर सोडले तर तीही कुणाला ठाऊक नाही — एका माणसाशिवाय.

एकदा वर्गात गोदावरीचं खोरं शिकवत होतो. पूर्णा कुठं येऊन मिळते ते दाखवायला नकाशाकडं वळलो आणि छातीत असं धडधडायला लागलं की वाटलं, संपलं. हातापायाला मुंग्या, घशाला कोरड. पोरांना "वाचत बसा" म्हणून बाहेर आलो आणि जिन्यात बसलो. मग ते वरचेवर व्हायला लागलं. हार्ट म्हणून तपासण्या केल्या. हार्ट खणखणीत निघालं. त्या डॉक्टरांनी रिपोर्ट बाजूला सारले आणि नांदेडच्या एका दुसऱ्या डॉक्टरांचं नाव सांगितलं. सांगितलं तेही आवाज खाली करून. त्यांनाही गावाची रीत माहीत होती ना.

आमच्याकडं तसल्या दवाखान्याला काय म्हणतात? येड्याचा दवाखाना. मीही तेच म्हणायचो, हसून.

तर मी नांदेडला जायला लागलो. घरी सांगायचो — मणका. मणक्याला इज्जत आहे. मणका कुणाचाही दुखतो, त्यावर लोक तेल सुचवतात, पट्टा सुचवतात. गाडीत ओळखीचं कुणी भेटलं की पिंगळी स्टेशन येईपर्यंत मी मणक्यावर बोलत राहायचो आणि मग पेपर तोंडासमोर धरायचो. गोळ्या पाकिटातून काढून पित्ताच्या गोळ्यांच्या डबीत टाकायचो. मीनाला आजही वाटतं, मला पित्ताचा त्रास आहे.

आणि या सगळ्याच्या मधोमध शिवकन्या आमच्या घरी राहायला आली.

शिवकन्या दादाची मुलगी. घरात सगळे शिवू म्हणतात. दहावीला मार्क चांगले पडले, आणि आमच्याकडं मार्क चांगले म्हणजे सायन्स; तिला कुणी विचारलंसुद्धा नाही. अकरावी-बारावीला ती परभणीत, आमच्याकडं. पोरगी बोलायची कमी. बघायची मात्र फार. मीना रागावलेली आहे हे मीनाच्या आधी शिवूला कळायचं, आणि ती न सांगता भांडी घासून टाकायची.

एक दिवस तिला स्कूटरवर क्लासला सोडायला निघालो होतो. वसमत रोडला मला ते आलं. कशीबशी गाडी कडेला घेतली आणि एका बंद दुकानाच्या पायरीवर बसलो. घाम फुटलेला, हात थरथरायलेले. दुसरं कुणी असतं तर आरडाओरडा केला असता, माणसं गोळा केली असती. शिवूनं एवढंच विचारलं, "काका, कुणाला फोन करू का?" मी मान हलवली, नको. तिनं नाही केला. शेजारी बसली, पाठीवर हात ठेवला आणि गावाकडच्या म्हशीची गोष्ट सांगायला लागली. म्हैस दावं तोडून शेजाऱ्याच्या हरभऱ्यात कशी शिरली, आणि दादा एका पायात चप्पल घालून तिच्यामागं कसा पळाला. सावकाश, अजिबात घाई नाही. मधूनच म्हणायची, "श्वास सोडा काका. अजून सोडा. कुठं जायचंय आपल्याला?"

ओसरलं. मी उठलो. आता हिला कसं सांगू, की घरी बोलू नको? तर तीच म्हणाली, "काका, माझा क्लास बुडला. घरी सांगू नका बरं."

कळलं का तुम्हाला? मला विनवणी करावी लागू नये म्हणून तिनं ती चोरी स्वतःची करून घेतली. सतरा-अठराची पोर. त्यानंतर तिनं तो विषय कधीही काढला नाही.

काढला तो एकदाच, बारावीची परीक्षा झाल्यावर. मी व्हरांड्यात पेपर वाचत होतो. म्हणाली, "काका, मला मनाची डॉक्टर व्हायचंय."

"कामून गं?"

"त्या दिशी मला काय करावं ते कळंना. सगळं अंदाजानं केलं. ते शिकून करावं वाटायलंय."

यावर माणसाला काय व्हायला पाहिजे? ऊर भरून यायला पाहिजे. मी मात्र पेपरची घडी घातली आणि मनात हिशोब करायला लागलो. ही शिकणार म्हणजे कुठं, तर आमच्याच कॉलेजात, भिंतीपलीकडच्या खोलीत. तिथल्या पोरी घरच्या माणसांच्या चाचण्या घेतात, त्यावर वर्गात चर्चा करतात, मला ऐकू यायचं. आज ना उद्या हिला माझ्या दुखण्याचं नाव कळणार. आणि गावातलं कुणीही विचारणार, "हे डोक्यात कुठून आलं बाई?" — शिवूला खोटं बोलता येत नाही. माझ्यासाठी ती गप्प बसू शकत होती, पण थेट विचारल्यावर? मला येडा म्हणतील, ही भीती होती. एवढीच. शिवूच्या आयुष्याशी त्या भीतीचा काही संबंध नव्हता.

निकाल लागल्यावर आम्ही सगळे बोरीला होतो. ओसरीवर दादा, वहिनी, मी, आणि शेजारचे किसनमामा, ज्यांना कुठल्याही घरातल्या चर्चेत मानाचं पान लागतं. शिवू दारात उभी. दादानं विषय काढला, "ही म्हनती मनाची डॉक्टर व्हायचं. असतंय का तसलं काही?"

किसनमामा म्हणाले, "असतंय की! येड्याची डॉक्टर. बोरीतच दवाखाना टाक बाई. पयला नंबर तुझ्या बापाचा."

"अन् दुसरा तुमचा," दादा म्हणाला. सगळे हसले. शिवूसुद्धा. मीही हसलो, जरा जास्तच मोठ्यानं. मग दादा माझ्याकडं वळला. "तू सांग बाबा. शिकल्याला माणूस हायस तू. तू म्हनशील ते."

शिवू माझ्याकडं बघत होती. तिच्या नजरेत विनवणी वगैरे नव्हती. तिला खात्री होती. मी तिच्या बाजूचा आहे, यात तिला शंकाच नव्हती.

मी म्हणालो, "मनाची डॉक्टर व्हायचं म्हणजे आधी डॉक्टर व्हावं लागतं. मेडिकलला नंबर लागला पाहिजे. नीटची परीक्षा द्यावी लागेल."

आता हे वाक्य पुन्हा वाचून बघा. खोटं आहे का? मनोविकारतज्ज्ञ व्हायचं तर वाट हीच. पण तिला ते म्हणायचंच नव्हतं. आमच्याकडं दुसरा शब्द नाही. जो बरं करतो तो डॉक्टर. जनावरांना सुई टोचायला येतो तोही डॉक्टरच. तिनं तिच्याजवळ होता तो शब्द वापरला आणि मी तो शब्द धरून बसलो. समजून उमजून.

तरी ती म्हणाली, "पण काका, बी.ए.ला असतंय म्हणं मानसशास्त्र."

"ते नुसतं पुस्तकी. त्यानं कुणी पेशंटजवळ बसू देत नाही."

हे मात्र धडधडीत खोटं होतं. इथं शब्दाचा आडोसाही नाही.

"मग नीटच दे," दादा म्हणाला. किसनमामांना तेवढ्यात सुचलं, "म्हंजे लोकांना नीट करायचं तर आधी नीट द्या!" पुन्हा हशा. विषय मिटला. वहिनीनं चहा आणला.

पुढचं काय सांगू? पुढच्या वर्षी नीट दिली, नंबर लागला नाही. लातूरला रिपीटरच्या बॅचला गेली. फिजिक्स तिला कधी जमलंच नाही, आणि त्याची तिला कधी गरजही नव्हती. हॉस्टेलवरून फोन यायचा, "काका, न्हाई जमत हो." आणि मी काय म्हणायचो माहीत आहे? "जमतंय गं, तू हुशार आहेस. धीर सोडू नको." पुस्तकं पाठवायचो. भेटायला गेलो की खाऊ न्यायचो. भिंतीपलीकडं दर जूनमध्ये पोरी प्रवेश घ्यायच्या, आणि मी लातूरच्या गाडीत बसून तिला धीर द्यायला जायचो. कितीदा वाटलं, आज सांगावं. अजून वेळ गेलेली नव्हती. एक वाक्य पुरलं असतं. पण मग ती विचारणार नाही का — तेव्हा का नाही सांगितलं?

पुन्हा नंबर हुकला, मग पुन्हा. शेवटी दादा म्हणाला, बास झालं. ती पुस्तकं बांधून घरी आली. पालमला लग्न झालं. नवऱ्याचं खता-बियाण्यांचं दुकान आहे. नवरा चांगला आहे, हे मी स्वतःला लय वेळा सांगितलंय. एक मुलगी आहे. शिवू दुपारी दुकानात बसते.

मी? मी बरा आहे. गोळ्यांनी गुण आला. वर्षानुवर्षं तसा झटका नाही. वर्गात उभा राहतो, नकाशाकडं वळतो, काही होत नाही. आता कुणी पोरगी मानसशास्त्राबद्दल विचारायला आली तर तिला सगळं उलगडून सांगतो, शेजारच्या खोलीत नेऊन बसवतो. मग घरी आल्यावर मला कुणाशी बोलावं वाटत नाही.

मागच्या उन्हाळ्यात परीक्षेच्या कामावर पालमला गेलो होतो. काम उरकून तिच्या दुकानात गेलो. शिवूनं खुर्ची पुसून दिली, पंखा माझ्याकडं वळवला, चहा दिला. मुलगी आत झोपली होती. इकडचं तिकडचं झालं, मग ती सहज म्हणाली, "काका, इथल्या शाळेत एक मॅडम आल्त्या. पोरींसंग बोलायला, परीक्षेची भीती घालवायला. समुपदेशक. आपल्या दुकानात पाणी प्यायला थांबल्या. तुमच्याच कॉलेजच्या निघाल्या की!"

मी चहाचा कप तोंडाला लावला.

"बी.ए., एम.ए. करूनच झाल्या म्हणं. मी म्हनलं, अन् नीट? तर हसल्या त्या." शिवूही हसली. काउंटरवरची धूळ हातानं झाडली. आणि म्हणाली, "तवा तुमालाबी कुठं म्हाईत असंल, काका. तुमचा आपला भूगोल."

म्हणून माझ्याकडं बघत राहिली. तीच नजर, जिला सगळं दिसतं. तिला काय दिसलं असेल? तिला खरंच तसं वाटत होतं? की वसमत रोडला वाचवलं तसंच पुन्हा वाचवत होती मला? की विचारत होती? मला सांगता येणार नाही. सहा-सात शब्दांचं उत्तर होतं आणि दुकानात आम्ही दोघंच होतो.

मी म्हणालो, "हो ना. तेव्हा एवढी माहिती नव्हती कुणाला."

"तेच म्हनलं मी," ती म्हणाली. तेवढ्यात गिऱ्हाईक आलं, फवारणीचं औषध मागायला. ती उठली. मी चहा संपवला आणि एसटी स्टँडवर आलो.

तर हे असं आहे. ओसरीवर तिनं माझ्याकडं बघितलं तेव्हा मला माहीत होतं. पालमच्या दुकानात बघितलं तेव्हाही माहीत होतं. दोन्ही वेळा मी तिच्या तोंडावर खोटं बोललो. पहिल्या वेळी मी घाबरलेलो होतो. दुसऱ्या वेळी तर मला भीतीसुद्धा वाटत नव्हती.