गणितवाली पोरं माझ्या खानावळीत

खानावळीत माणूस जेवून उठतो, पण बोललेलं ताटापाशीच सोडून जातो. लातुरात मी जन्मभर भाकरी थापल्या. अक्षर येत न्हाई, म्हणून सगळं डोक्यातच साठत गेलं. आता नात लिहून घेते. त्यातली सगळ्यात इरसाल गिऱ्हाइकं म्हणजे गणितवाली पोरं!

त्या दुष्काळाच्या साली परदेशात कॉलेजच्या पोरांची गणिताची स्पर्धा होती. जगभरातून पोरं येणार. नांदेडचे एक सर दर रविवारी एसटीनं येऊन माझ्याच ओसरीवर तयारी घ्यायचे. उदगीरच्या बसूची जागा पक्की होती. रेणापूरच्या सुजाताची अडली होती. पोरगी लई हुशार, पण एक पायरी चुकली की सगळं काटून कोरा पेपर द्यायची!

मी बसूला विचारलं, "तिथं करायचं काय असतं रे?"

"पाच तासांत पाच गणितं, आजी."

"एवढंच? तेवढ्यात मी साठ जणांचा स्वयंपाक करते!"

"आजी, पाचातलं एक सुटलं तरी लोक पेढे वाटतात."

"मग माझ्या साठातलं एकच जेवलं तर चालंल का?"

*

पाण्याचा टँकर आठ-आठ दिवसांनी यायचा. रांगेत नुसती भांडणं. बसूनं वहीत गणित मांडलं. "ज्याचं भांडं लहान, त्याचा नंबर आधी. मग सगळ्यांचं मिळून थांबणं कमी होतं." गल्लीला पटलं.

पुढच्या खेपेला बघते तर काय, एकीच्याही हातात घागर न्हाई. सगळ्या बायका तांब्या घेऊन उभ्या! भरला की घरात ओतायचा, पुन्हा रांगेत! टँकरवाला डोक्याला हात लावून बसला.

सर म्हणाले, "बसवराज, सिद्धांत बरोबर आहे."

"हाव सर, गल्ली चुकली!"

*

बसूच्या वडलांचं, अप्पांचं, उदगिरात आडत दुकान. तेव्हा उदगीर जिल्हा होणार, होणार अशी हवा होती. पासपोर्टच्या फॉर्मवर जिल्हा 'लातूर' बघून अप्पा अडून बसले. "थांबा की सर. आपला जिल्हा होऊ द्या, मग भरू. पोरगं परदेशात लातूरच्या नावानं जायाचं का?"

सर म्हणाले, "मग बसूचा फॉर्म राहू द्या, अप्पा. त्याच्या नातवाचाच भरू!"

*

निवडीची शेवटची चाचणी नांदेडला होती. आदल्या दिवशी सर सुजाताला स्पष्टच बोलले, "उद्या कोरा पेपर आला, तर तुझी जागा दुसऱ्याला."

त्या दुपारी नेमकं माझ्या हातून वरणात दोनदा मीठ पडलं. सुजातानं एक घास खाल्ला न् ताट सारलं. माझ्या खानावळीचा एकच कायदा, वाढून घेतलेलं टाकायचं न्हाई. त्यात दुष्काळ!

"आजी, लई खारट झालंय."

"ठाव हाय. मी बी तेच खायलेय. टाकू नको, त्यातच भात वाढून घे."

तोंड वाकडं करत खाल्लं तिनं.

दोन दिवसांनी सर पेपर घेऊनच आले. "आजी, हिला काय शिकवलंत तुम्ही? पहिली दोन पानं साफ चुकीची. पण काटलेली नाहीत! खाली लिहिलंय, 'सर, इथवर खारट झालंय. पुढं भात वाढून घेते.' आणि तिसऱ्या पानावर गणित सुटलंय!"

सुजाता दाराआड उभी. मीच विचारलं, "मग नेता का तिला?"

सर ताटावर बसले. "न्यायचं तर आहेच. पण आजी, तिकडच्या जेवणात मीठ कमी असतं म्हणे. हिच्यासोबत थोडं बांधून द्या."