रंजनाच्या चपला

दुपारचा चहा अजून व्हायचा आहे. पाच वाजता शरयूताईंची शोकसभा आणि मी कोरा कागद मांडीवर घेऊन खुर्चीत पेंगतो आहे. ताईंचे आभार मी कधी मानलेच नाहीत. आमच्या तोंडाला ती सवयच नाही. आता त्या गेल्या, आणि चारचौघांत बोलायची वेळ आली.

"धायगुडे, पेंगताय काय? चपला काढा!"

समोर ताईच. वाचनालयाचा वरचा हॉल, सतरंजीवर गोल करून बसलेली जोडपी. संसाराला कंटाळलेल्या माणसांना ताई इथं नाटक करायला लावतात. नवऱ्यानं बायकोच्या चपला घालायच्या, बायकोनं नवऱ्याच्या, आणि एकमेकांचं बोलायचं. चार वर्षांपूर्वी मी आणि रंजना इथं आलो तेव्हा तिनं सही केलेले घटस्फोटाचे कागद माझ्या पिशवीतच होते.

"ताई, तुम्ही तर..."

"गेले. ठाऊक आहे मला. घाला चपला."

मी रंजनाच्या चपला घालतो. हॉलमध्ये आता आमचा ओटा आहे, त्यावर दूध तापतं आहे. सगळी जोडपी आमच्या स्वयंपाकघरात मांडी घालून बसलीत, आणि कुणालाच त्याचं काही वाटत नाही.

"बोला रंजनाबाई," ताई मला म्हणतात. "नवऱ्याला सोडायला निघाला होतात. का नाही सोडलंत?"

रंजना म्हणून मला पुष्कळ बोलता येतं. हे रागावले की पेपरात तोंड खुपसतात, पाहुण्यांसमोर माझ्या आमटीला नावं ठेवतात. पण हे उत्तर काही येत नाही. दूध उतू जातं. ओटा संपतो तिथं वकिलाच्या ऑफिसातला बाक सुरू होतो आणि ताई त्यावर पाय हलवत बसल्या आहेत.

"नाही येत, ताई."

"मग बायकोला विचारा की! मला काय विचारता?"

"तुमचे आभार राहिले हो," मी म्हणतो, आणि मला रडू येतं.

"आधी घरी जा," त्या हसतात.

"अहो, चहा निवतोय! आणि हे काय, माझ्या चपला?"

मी डोळे उघडतो. पायांत खरंच रंजनाच्या चपला. खुर्चीखाली होत्या, झोपेत कधी पाय घातले कोण जाणे.

"रंजना, तू मला का नाही सोडलंस गं?"

ती कप खाली ठेवते.

"ताईंकडे पहिल्याच दिवशी तुम्ही माझ्या चपला घालून दोन पावलं चाललात," ती सावकाश म्हणते, "आणि म्हणालात, 'अंगठ्याशी चावतात. तुलाही चावतात का?' बारा वर्षांत पहिल्यांदा मला काही विचारलंत."

मी चपला काढतो. उजव्या अंगठ्याशी लाल वळ उठला आहे. कागद कोराच खिशात ठेवतो. ताई, फार उपकार झाले तुमचे. पाच वाजता हेच सांगेन.