पिसामास्तरांचा मासा

डहाणूच्या बाजारात एका शिंप्याकडे ब्लाउजही शिवून मिळे आणि मासाही. ब्लाउजला मुदत असे, तीही पाळली जाईलच असं नाही. मासा मात्र वेळेवर तयार. त्यांना सगळे पिसामास्तर म्हणत. हे पिसं कोंबड्याचं की डोक्यातलं असं मी नवा असताना एकदा विचारलं, तर शेजारचा किराणावाला म्हणाला, दोन्ही. मुंबई राज्य अजून एक होतं तेव्हाची ही गोष्ट. मी शाळेत मास्तर म्हणून रुजू झालो होतो आणि त्यांच्या दुकानासमोरच खोली घेतली होती.

शिलाई मशीनच्या सुईशेजारी कापड दाबून धरणारी जी पट्टी असते, तिच्याखाली ते लांब दांड्याचा गळ अडकवीत. त्यावर बोकडाच्या शेपटीचे पांढरे केस, ते झालं पोट. वर कोंबड्याच्या मानेची दोन लांब पिसं, ती पाठ. मधून रुपेरी जर, आणि शेवटी काळा मणी, तो डोळा. हातात घेतलं तर झाडूचा तुकडा वाटे, पण पाण्यात ओढलं की खाडीतलं बोयट, म्हणजे मोठ्या माशांचं खाद्य, पळाल्यासारखं दिसे. आमच्या आळीतल्या कोंबड्यांच्या माना त्यामुळे बाराही महिने उघड्या असत.

जर कुठून येई, हे विचारायची गरज नव्हती. चिखले गावची एक बाई लग्नाचा ब्लाउज घेऊन तणतणत आली. एका बाहीची जर वीतभर कमी होती. मास्तरांनी चष्मा कपाळावर चढवला आणि मुंबईत सध्या असंच चालतं, म्हणून शांतपणे सांगितलं. त्या लग्नसराईत आणखी दोघीजणी तशीच बाही मागायला आल्या. मास्तरांना फार आनंद झाला. जर दुप्पट उरणार होती.

ही विद्या त्यांना एका कोटाच्या खिशात सापडली. युद्धाच्या दिवसांत एक गोरा साहेब शिकारीला आला होता, तो कोट रफू करायला टाकून गेला आणि परत आलाच नाही. खिशात पत्र्याची डबी, डबीत असे दोन मासे. मास्तरांनी दोन वर्षं वाट पाहिली आणि मग एक मासा टाका-टाका उसवला. "गुरुजी, उसवल्याशिवाय शिवण कळत नाही," असं ते कायम म्हणत. माझ्या पँटची शिवणही त्यांनी याच कारणासाठी एकदा विनाकारण उसवली होती.

डहाणू गुजरातेत जाणार की महाराष्ट्रात, यावर तेव्हा त्यांच्या दुकानात रोज वाद चाले. मास्तर कात्री थांबवून म्हणत, आधी मासे कुठे जातात ते बघू, मग मी ठरवतो.

खरं म्हणजे हा माणूस जवळच्याच नरपड गावातल्या मासेमाराच्या घरातला. बापाची स्वतःची होडी होती. पण मास्तरांना होडीत पाय ठेवला की ओकारी येई. तीनदा नेऊन पाहिलं, तीनदा किनाऱ्यावर आणून टाकलं, आणि चौथ्या वेळी बापाने शिंप्याकडे बसवलं. तेव्हापासून म्हातारा त्यांच्याशी बोलत नसे. समोर बसून तिसऱ्याला सांगे, याला म्हणावं, पाणी दे. वीस वर्षं असंच चाललं होतं.

एका पावसाळ्याच्या तोंडावर होडी वर ओढताना म्हातारा घसरला आणि त्याचं कमरेचं हाड मोडलं. आता चालणं नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. म्हाताऱ्याने मग जेवणच सोडलं. पेज नको, सुकी मासळी नको. पाण्यातून आत्ता काढलेला मासा असेल तर द्या. होड्या सगळ्या वर ओढलेल्या. ताजा मासा आणणार कुठून?

मास्तरांनी दुकान बंद केलं आणि बांबूची काठी घेऊन खाडीवर जाऊन उभे राहिले. दोन दिवस काही नाही. तिसऱ्या दिवशी मी छत्री घेऊन गेलो. मास्तर कमरेइतक्या पाण्यात, दोर हळूहळू झटके देत ओढत होते. ओठ निळे पडले होते. भरती फिरली आणि काठी अशी वाकली की ती मोडणार, असं मला वाटलं. अर्ध्या तासाने दोघांनी मिळून हाताएवढा लांब जिताडा चिखलात ओढला. मास्तर त्याच्यावर चक्क पालथे पडले.

नरपडला म्हाताऱ्याने पडल्या पडल्या माशाचे कल्ले उचलून पाहिले. मग मला म्हणाला, "गुरुजी, याला विचारा, कशावर लागला?"

पिसांवर, मी सांगितलं.

"मग येडा मासा हा. असला मी खात नाय."

मास्तरांच्या बहिणीने तरीही कालवण केलं. म्हाताऱ्याने दोन तुकड्या खाल्ल्या, डोकं चोखलं, बोटं चाटली, आणि भिंतीकडे बघत म्हणाला, "ते पिसाचं दाखव."

मला की मास्तरांना, हे क्षणभर कुणालाच कळलं नाही. मग मास्तरांनी गळ पुढे केला. म्हाताऱ्याने तो उलटसुलट पाहिला.

"बोयटाचा डोळा तोंडाशी असतो. तू पोटात घातलास. समुद्रावर आला असतास तर दिसलं असतं."

"आलो होतो, बाबा. पण डोळे मिटून ओकत होतो."

म्हातारा हसला आणि लगेच कमरेच्या कळेने कण्हला.

त्यानंतर मास्तर रोज दुपारी दुकान टाकून नरपडला जात. तिथे मशीन नव्हतं; म्हातारा दोन बोटांत गळ धरी आणि मास्तर दोरा गुंडाळत. पाठ किती काळी, पोट कुठे संपतं, घाबरलेलं बोयट कसं वळतं, हे तो सांगे, आणि प्रत्येक चुकीला एक शिवी देई. त्यातली एकही इथे लिहिता येत नाही. म्हातारा जेवू लागला. पाच महिने जगला.

दिवाळीनंतर तो गेला. राख सोडायला मास्तर हट्टाने होडीत बसले आणि खाडी ओलांडायच्या आतच तीनदा ओकले. परतल्यावर मला म्हणाले, "बाबा असता तर म्हणाला असता, राख सोडायला आलास की जेवण?"

पुढे नरपडची तरणी पोरं त्यांच्याकडे पिसांचा मासा मागायला येऊ लागली. मास्तर कुणाकडूनही पैसे घेत नसत. अट एकच: मासा बांधताना बाबांच्या शिव्या पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकायच्या, मध्ये उठायचं नाही.

माझी बदली तलासरीला झाली. तिकडे ना समुद्र, ना खाडी, आणि मला मासे धरता येत नाहीत. तरी निघायच्या सकाळी मास्तरांनी मला थांबवलं, मशीनखाली गळ अडकवला आणि पहिली शिवी घातली. ट्रंक शेजारी ठेवून मी बाकावर बसलो. एस.टी. कोपऱ्यावर आली, कंडक्टरने दोनदा हाक मारली. मास्तर पाठीच्या पिसांपर्यंत आले होते, डोळा अजून व्हायचा होता.

एस.टी. निघून गेली. दुसरी दुपारी होती.