ताईच्या सासूबाईंच्या हरकती

ताईच्या सासूबाईंना हरकत घेता येणार नाही अशी गोष्ट देवानं अजून निर्माण केलेली नाही. ताईचं लग्न जमत होतं तेव्हा आमच्या वडिलांनी रीत म्हणून विचारलं, "काही हरकत नाही ना?" समोरून उत्तर आलं, "हाये ना. तीन हायेत." पहिली मुहूर्तावर: ऐन धानकापणीत लग्न काढलं तर त्यांची माणसं येणार कशी? दुसरी मांडवावर: भर दुपारी टिनाखाली पंगत बसवून पाहुण्यांना भाजायचं आहे काय? तिसरी सांगायला मात्र त्या उठल्या, थेट आमच्या स्वयंपाकघरात गेल्या आणि ताईला म्हणाल्या, "पोरी, तुले कोनी इचारलं का?" कुणीच विचारलं नव्हतं. ताईनं आधी नकारार्थी मान हलवली, मग लाजून होकार दिला, तेव्हा कुठे बैठकीत सुपारी फुटली. त्या दिवसापासून मी त्यांना मावशी म्हणू लागलो, आणि थोडा घाबरूही लागलो.

मावशींचा नवरा लवकर गेला. विड्या वळून त्यांनी एकुलत्या मुलाला, म्हणजे आमच्या भाऊजींना, वाढवलं. भाऊजी राइस मिलमध्ये मिस्त्री झाले. गोंदिया जिल्ह्यातल्या आमच्या तालुक्याच्या गावी जुन्या बाजाराला लागून पालिकेच्या भाड्याच्या खोल्यांची एक लांबलचक ओळ होती, तिथं हे घर. गळकं, पण हाकेच्या अंतरावर सगळं: शाळा, दवाखाना, विड्या जमा करायचा कारखाना, मिल. बाजारात मासळीवाली "बोदलकशाच्या तलावाचा ताजा मासा" म्हणून ओरडली की मावशी टोपलीपाशी जाऊन म्हणत, "बोदलकशाचा हाये हे खरं. निघाला कधी ते काऊन नाई सांगत?" आणि ती बिचारी पुढच्या खेपेपासून "आज सकाळचा" असं जोडून ओरडायला शिकली. एवढं होऊनही मासा मावशी तिच्याकडूनच घेत.

वाचायला त्या चाळिशीनंतर शिकल्या, प्रौढ शिक्षणाच्या वर्गात. त्याआधी कुठल्याशा कागदावर अंगठा लावून त्या एकदा फसल्या होत्या. मग छापलेला कागद दिसला की त्यांना राहवेनासं झालं. भजी बांधून आलेला पेपर, औषधाच्या बाटलीतली घडी, लग्नपत्रिकेच्या तळाशी बारीक अक्षरात असलेलं छापखान्याचं नाव, सगळं त्या बोट ठेवून, मोठ्यानं आणि शेवटच्या टिंबापर्यंत वाचत. त्यांच्यासोबत दवाखान्यात जाणं म्हणजे भिंतीवरचा प्रत्येक फलक ऐकून मगच डॉक्टरांपर्यंत पोहोचणं.

तर झालं असं, की जुन्या बाजाराचा भाग सुधारायला सरकारकडून निधी मंजूर झाला. पालिकाही आपला वाटा घालणार होती. आधी रुंद रस्ता झाला, नाल्या झाल्या, दिवे लागले. गाव खूश झालं, आम्हीही झालो. पण रस्ता चकचकीत होताच आजूबाजूच्या घरमालकांनी भाडी वाढवली. कोपऱ्यावरच्या शिंप्याला दुप्पट भाडं परवडेना, म्हणून तो मशीन उचलून पार गावाबाहेर गेला. मग बातमी आली की पालिका खोल्यांची ओळ पाडणार आणि तिथं खाली दुकानं, वर विकायचे फ्लॅट असं संकुल उभं राहणार. ठेकेदाराचा एक माणूस पेढे घेऊन आला. "माताजी, आपको पहला हक मिलेगा," तो म्हणाला. "बाहरवालों से पहले आप खरीद सकते हैं." ओळीतल्या बायका आनंदल्या. मावशींनी पेढा हातातच ठेवला. "हक देऊन राहिले का पाट मांडून ताट लपवून राहिले?" त्यांनी विचारलं. "इकत घ्यायची ऐपत असती तर आमी गळक्या खोलीत कायले राह्यलो असतो, बापा?"

पालिकेच्या दारावर जाहीर सूचना लागली होती: योजनेवर हरकती तीस दिवसांत लेखी कळवाव्यात. आयुष्यभर ज्या कामाची तयारी केली, ते सरकारनंच आपण होऊन मागितलं, हे वाचताना मावशींचा चेहरा जो उजळला तो मी विसरणार नाही. मी शिक्षक, दर रविवारी माझ्या शाळेच्या गावाहून ताईकडे येत असे. तो रविवार त्यांनी माझ्याकडून काढूनच घेतला. "गुरुजी, परतेक घराची येगळी लिहा. एकच मजकूर सगळ्याईनं देला तर थे एकच हरकत समजतीन."

मी ओळीतल्या घराघरांत बसून लिहीत गेलो. भागरताबाई नावाच्या म्हाताऱ्या शेजारणीनं लिहायला सांगितलं, "मले गुडघ्यानं दूरचं चालवत नाई, अना कारखाना दूर झाला तर मी विड्या कोनाले देऊ?" भाऊजींनी मिलची पाळी आणि मुलांची शाळा लिहिली. दरम्यान मावशींनी माहितीच्या अधिकारात अर्ज टाकला आणि निधी मागताना सरकारकडे पाठवलेल्या प्रस्तावाची प्रत मागवली. जाडजूड गठ्ठा आला. त्या तो सहा दिवस वाचत होत्या. सातव्या दिवशी त्यांनी एका पानावर विडीचा दोरा ठेवला आणि कुणालाही काही सांगितलं नाही.

सुनावणी दोन दिवस चालली. मुख्याधिकारी एक तरुण बाई होत्या, शांतपणे एकेकाचं ऐकून घेणाऱ्या. मावशी मुद्दाम सगळ्यात शेवटी उभ्या राहिल्या. खुणेचं पान उघडून त्यांनी गठ्ठा टेबलावर ठेवला.

"साहेब, हे वाचा. मोठ्यानं वाचा."

मुख्याधिकाऱ्यांनी वाचलं: "सध्याच्या रहिवाशांची त्याच जागी, परवडणाऱ्या भाड्याने निवास व्यवस्था करण्यात येईल." त्या थांबल्या. पुन्हा एकदा मनात वाचलं. "हे तर आमच्याच कार्यालयातून गेलंय," त्या म्हणाल्या.

"मंग आता तुमच्या योजनेवर तुमचीच हरकत हाये," मावशी म्हणाल्या. "आमी तर नुसती आनून देली."

शेजारी बसलेले अभियंता पुटपुटले की मंजुरीसाठी तसं लिहावं लागतं. मावशी त्यांच्याकडे वळल्या, अगदी मायेनं. "लिहिलं थे चांगलंच लिहिलं, साहेब. वाचनारं कोनी नाई असं वाटलं असन, इतकीच चूक." मागं दाटीनं उभ्या असलेल्या विडीकामगार बायकांत हसू पसरलं. मुख्याधिकारीही हसल्या आणि त्यांनी प्रस्तावातलं ते वाक्य स्वतःच्या हातानं इतिवृत्तात लिहून घेतलं.

पुढं महिनोन्‌महिने फेऱ्या झाल्या, पत्रं झाली, पण शेवटी पालिकेनं ठराव बदलला. खाली दुकानं, त्यांच्या भाड्यातून इमारतीची देखभाल. वरचे दोन मजले विकायचे नाहीत, ओळीतल्या कुटुंबांना झेपेल अशा भाड्यानं द्यायचे. इमारत उभी राहीपर्यंत सगळे तात्पुरत्या शेडमध्ये राहिले. किल्ल्या मिळाल्या त्या दिवशी गावातला बँड स्वतःहून वाजवायला आला. जिन्यात डफ वाजत होता, उडदाचे वडे तळले जात होते, आणि जन्मभर जमिनीवरच्या खोलीत राहिलेल्या म्हाताऱ्या एकमेकींचा हात धरून जिना चढत होत्या, मध्ये थांबून खाली बघून हसत होत्या. गावाबाहेर गेलेला शिंपी पेढे घेऊन आला. मावशींना कुणीतरी हार घातला, तो त्यांनी काढून किल्ल्या द्यायला आलेल्या मुख्याधिकाऱ्यांच्या गळ्यात घातला. ताई रडत होती. मीही, पण वड्यांच्या धुरामुळं, असं मी सगळ्यांना सांगितलं.

भागरताबाई मात्र तो दिवस पाहायला राहिल्या नाहीत. शेडमधल्या दुसऱ्या उन्हाळ्यातच त्या गेल्या. त्यांच्या वाट्याच्या खोलीत आता त्यांची नात राहते.

परवा मी गेलो तेव्हा मावशी दुसऱ्या मजल्यावरच्या खिडकीत बसल्या होत्या. खोली हवेशीर, भिंती कोरड्या, नळाला पाणी. मी म्हटलं, "मावशी, जिंकलात तुम्ही." त्यांनी मान डोलावली. "हो, जिंकलो ना आमी." मग खाली गाड्या लावायच्या जागेकडं बोट करून म्हणाल्या, "थे लाल स्कूटर दिसून राहिली ना, गुरुजी? तिच्या खाली माही चूल होती. अना थ्या खांबापाशी भागरता बसे." खाली कुणीतरी येऊन ती स्कूटर काढून नेली. रिकाम्या झालेल्या सिमेंटवर ऊन पडलं होतं.

"चा मांडते," त्या म्हणाल्या, आणि उठल्या.