मांडवाखालचा डोस

गोळ्या गिळल्या की शेवंताबाई आ करून जीभ दाखवायच्या. "बघा सिस्टर, गेल्या का खाली?" मी तसं कधी सांगितलं नव्हतं. कुष्ठरोगाच्या रोजच्या गोळ्या घरी घ्यायच्या, महिन्याचा मोठा डोस मात्र आमच्यासमोर, एवढाच नियम. पण बाईंना कुठलंच काम अर्धवट खपत नसे. दिंडोरीजवळच्या आमच्या उपकेंद्रात रांगेतली माणसं हसायची, मग त्याही हसायच्या.

त्या द्राक्षबागेत मजुरीला जात. घडांच्या विरळणीत त्यांची कात्री अशी चाले की बागायतदार त्यांना नाव घेऊन बोलावत. तव्याचा चटका बसून बोटाला फोड आला तरी कळलं नाही, म्हणून पहिल्यांदा आल्या. हातावरचा चट्टा पार बधिर होता. वर्षभर गोळ्या म्हटल्यावर म्हणाल्या, "या छाटणीपासून पुढल्या सालच्या छाटणीपर्यंत. जाईल निघून!" मला ही बाई तेव्हाच आवडली.

काही महिन्यांनी त्यांचा चेहरा काळवंडला. गोळ्यांनी तसं होतं, नंतर हळूहळू जातं, हे मी त्यांना सांगून ठेवलं होतं. बागेतल्या मजुरांच्या टोळीतल्या बायकांना कोण सांगणार? त्यांना वाटलं, रोग चढतोय. दुपारी सगळ्या गोल बसून एकमेकींना भाजी वाढत. तिथे शेवंताबाईंचा ठेचा तसाच परत येऊ लागला. सर्वांत आधी त्यांच्यातल्या मंगलने तो घ्यायचं थांबवलं.

त्या महिन्यात शेवंताबाई आल्या आणि गोळ्यांना हात न लावता बसून राहिल्या.

"सिस्टर, बंद केल्या तर रंग येईल का माघारी?"

"रंग येईल, पण हात जाईल."

त्यांनी बोटं कात्रीसारखी उघडमीट करून पाहिली. मग म्हणाल्या, "मंग काळी दिसन, पण कात्री धरीन. पण इथं नका देऊ. बागेत या, सगळ्यांसमोर द्या. मी गुपचूप घेतल्या, म्हणून त्या भ्याल्या."

मी गेले. जेवणाच्या सुट्टीत वेलींच्या मांडवाखाली त्यांनी गोळ्या घेतल्या. मी बायकांना सांगितलं, काळेपणा औषधाचा आहे, आणि उपचार सुरू झाल्यावर हिच्यापासून कुणालाही लागण होत नाही.  मग मंगल उठली, जवळ आली आणि पदर सारून दंड दाखवला. फिकट चट्टा होता. मी पेनाचं टोक टेकवलं, तिला कळलं नाही. ती रडायलाच लागली.

शेवंताबाई आता हिला फाडून खातात, असं मला वाटलं. त्यांचा हक्कच होता. पुढे त्यांनी कोर्स पुरा केला, हात वाचला, काळेपणाही उतरला. माझी बदली इंदिरानगरला झाली. पण मला त्या आठवतात त्या त्याच दुपारच्या. त्या थोड्या सरकल्या आणि मंगलला शेजारी बसवलं.

"उद्या मी येते तुझ्यासंगं," त्या म्हणाल्या. "मी एकटीच गेले व्हते. लय भ्या वाटलं व्हतं गं."