आईची जत्रा आणि मामाची डिकी

परवा सरळगावच्या नाक्यावर कांदाभजी खाताना एकटीच हसत सुटले... भजीवाला बघायला लागला. त्याला काय सांगणार, म्हटलं इथेच सांगते.

गोष्ट दोन हजार सालानंतरची. आम्ही शहापूरला राहायचो आणि आईचं माहेर म्हसा. पौषात म्हशाची जत्रा भरली की आईचा जीव तिकडे ओढ घ्यायचा, कारण तिच्या सगळ्या बहिणी तेव्हा तिथे जमायच्या.

पण आईला गाडी लागायची... साधीसुधी नाही. डिझेलचा धूर नाकात गेला की किन्हवली यायच्या आत बाईसाहेब आडव्या. लग्न झाल्यापासून जत्रा तिने पाहिलीच नव्हती.

माझा मामा मुंबईत टॅक्सी चालवायचा. तेव्हा सरकारचा हुकूम आला होता, जुन्या टॅक्स्या फार धूर ओकतात, सीएनजी बसवा नाहीतर गाडी बंद. मामाने बसवला, पण गॅसच्या टाकीने अख्खी डिकी खाल्ली. जत्रेला जाताना आमच्या दारात उभा राहून तो सरकारच्या नावाने बोटं मोडत होता, "गावावरून येताना तांदळाची गोण काय डोक्यावर ठेवू?"

आई मात्र चालू गाडीच्या मागे गेली, वाकली, दोनदा हुंगून पाहिलं. "धुराचा वास नाय येत रे. मी पण येते."

मग काय, घरात नुसती धांदल... लिंबू घे, पिशव्या घे. पोटात काही नको म्हणून तिने समोरचे पोहेही बाजूला सारले आणि नाकाला पदर लावून पुढच्या सीटवर बसली.

किन्हवली मागे पडलं. मी मागून तिच्या मानेकडे बघत होते... दहावीच्या निकालालाही मी एवढी घाबरले नव्हते.

सरळगावचा नाका आला आणि आईने हात वर केला. "थांबव."

झालं... मामाने कचकन ब्रेक मारला. मी घाईघाईने पिशवी पुढे केली.

आईने ती ढकलून दिली. "भूक लागलीय. तिथं भजी काढतायत ना?"

आई प्रवासात खातेय, हे मी जन्मात पहिल्यांदा पाहत होते. मामाने न विचारताच दुसरी प्लेट आणली.

म्हशात मावश्यांनी तिला जे धरलं ते सोडेचनात. रडल्या काय, हसल्या काय, चौघी मिळून पाळण्यात काय बसल्या... मला तर आई ओळखूच येईना.

येताना तिने एक जाडजूड घोंगडी घेतली. ठेवायला जागा नाही, म्हणून शहापूरपर्यंत मांडीवरच. मामाला पुन्हा आठवण झाली, "बघ ताई, डिकी असती तर..."

"डिकी असती तर मी नसते रे गाडीत," आई म्हणाली.

त्या हुकुमाने मुंबईची हवा किती सुधारली, मला खरंच ठाऊक नाही... आमची आई मात्र माहेरी पोचली.